खुले पत्र : खाडा कोणाच्या नावावर मांडायचा?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात राहते. नवरा-बायको मिळून आमचा एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, आहे. दरवर्षी आम्ही ऊसतोडीला जातो. मी बारावी शिकलेली आहे, म्हणून हे पत्र मीच लिहितेय, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही.

१ मे २०२५ ला शाळेचा निकाल लागला. माझी लेक पाचवीत गणितात नापास झाली. निकालपत्रकासोबत माझ्या हातात एक छापील कागद दिला, ‘पालकाचे हमीपत्र’. मजकूर असा : पाल्याच्या अभ्यासाकडे माझे दुर्लक्ष झाले आहे, यापुढे त्याच्या उपस्थितीची व प्रगतीची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. लेक शेजारीच उभी होती. तिला वाचता चांगलं येतं. तिनं तो कागद माझ्याआधी वाचला आणि विचारलं, “आई, तू काय केलंस?”

मी सही केली नाही. कागद घरी आणला. सहीवाचून निकालपत्रक देणार नाही म्हणाले, तर तेही तिथंच ठेवून आले.

साहेब, तुमच्याच खात्यानं हमीचा आणखी एक कागद काढलेला आहे. ‘शिक्षण हमी पत्रक’. आमच्यासारख्यांची लेकरं गाव सोडून जाताना शाळा तो देते आणि जिथं जाऊ तिथल्या शाळेत तो दाखवला की लेकराला वर्गात बसवून घ्यायचं, असा नियम. लेक तिसरीला असताना सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं, घरी लेकीकडं बघायला कोणी उरलं नाही, म्हणून लेकीला सोबत नेलं. ते पत्रक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. त्या वर्षी टोळी आधी सांगलीकडं होती. फडापासून, म्हणजे तोडीच्या उसाच्या रानापासून, शाळा पाच किलोमीटर. तिथल्या बाईंनी लेकराला बसवून घेतलं, चांगल्या होत्या त्या. पण तीन आठवड्यांत फड संपला, राहायची कोप मोडली आणि टोळी बेळगावच्या बाजूला गेली. तिथं जवळची शाळा कन्नड. पत्रक मराठीत. पुढचे अडीच महिने लेक धाकट्या भावाला कडेवर घेऊन उसाच्या सरीत फिरली आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधल्या. गावी परत आल्यावर ती चौथीत गेली. तिसरीतला भागाकार तिचा राहूनच गेला. आता पाचवीत ती त्याच भागाकारात नापास झाली.

पहिलीचं तर बोलूच नका. २०२० चा जून, शाळाच बंद. ऑनलाइन शिकवा म्हणून सांगितलं. आमच्या घरात एकच मोबाईल, तोही हंगाम लागला की ह्यांच्याजवळ फडावर. वर्गाची पायरी न चढता लेक दुसरीत गेली.

मला सांगा, यात दुर्लक्ष कोणाचं?

मी स्वतः ऊसतोड्याचीच लेक आहे. माझी तिसरी साखर कारखान्यावरच्या साखरशाळेत झाली. पत्र्याचं शेड, खाली पोतं, एक फळा आणि गावाकडच्याच एक ताई शिकवायला. माझ्या बापाला सहीसुद्धा येत नव्हती, त्याच्याकडून कोणी हमीपत्र लिहून घेतलं नाही. मी शिकले, कारण जिथं माझे आईबाप होते तिथंच शाळा आली होती. मग २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आता प्रत्येक लेकराला जवळच्या नियमित शाळेतच दाखल करणार, साखरशाळांची गरज नाही, असं ठरलं. साखरशाळा हळूहळू बंद पडल्या. माझ्या लेकीच्या वाट्याला ना साखरशाळा आली, ना जवळची शाळा. मला डी.एड. करायचं होतं. बारावीनंतर बापानं मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फिटेना, माझं लग्न झालं आणि हातात कोयता आला. ते मी कधीच गिळलं. पण लेकीचंही तसंच झालं तर मला गिळवणार नाही.

तो कायदा मी मोबाईलवर वाचून काढला, मराठीत आहे. कलम १० मध्ये पालकाचं कर्तव्य दिलंय. लेकराला शाळेत दाखल करणं, बस, तेवढंच. उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होण्याची खात्री करणं हे कलम ८ नुसार शासनाचं काम आहे. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आमच्याकडं जिल्हा परिषदेची जबाबदारी, असं वेगळं नमूद केलंय. मग संसदेनं शासनाच्या अंगावर टाकलेली जबाबदारी एका छापील कागदावर माझ्या नावानं करायचा अधिकार कोणी दिला?

या वर्षी मी लेकीला नेलं नाही. ‘लेकरं गावातच ठेवा, हंगामी वसतिगृह चालू करतोय, दोन वेळचं जेवण मिळेल,’ असं ग्रामसभेत सांगितलं गेलं. आम्ही दिवाळी करून निघालो. वसतिगृह चालू झालं संक्रांतीच्या सुमाराला, पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, दोन-अडीच महिने राहिले असताना. तोवर अकरा वर्षांची लेक अधू सासूला आणि धाकट्याला भाकरी थापून घालत होती. शाळेत जायच्या आधी दोन घागरी पाणी. मधल्या सुट्टीत घरी पळत येऊन सासूला औषध. आणि तिच्या अभ्यासाकडं माझं दुर्लक्ष झालं म्हणे!

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री फडावर गाडी आली. साडेतीनशे किलोमीटर रातोरात आणलं, मतदान करून लगेच परत नेलं. वाटेत चहा-नाश्ता. मतासाठी टोळीच्या टोळी गावी आणता येते. लेकरासाठी एक मास्तर फडावर पाठवता येत नाही.

आमच्या टोळीत लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळं टनाचा आणि खाड्याचा हिशोब माझ्याकडं असतो. आपल्याला खाडा माहीत नसेल तर सांगते. कोयत्यातला एकजण एक दिवस आजारी पडला, बाईला पाळीचा त्रास झाला, तरी तो खाडा. आमचा मुकादम एका खाड्याचे हजार रुपये उचलीत चढवतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, तरी नवरा-बायको दिवसभर तोडून दोन टन भरले तर आमचे सातशे-साडेसातशे होतात. एका खाड्यात जवळपास दीड दिवसाची मजुरी जाते. याच खाड्यापायी आमच्याकडच्या किती बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं वाचलंय.

तर त्याच वहीच्या मागच्या पानावर मी या हंगामात शाळेचे खाडे मांडले. रोज संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलताना विचारायचे, आज सर दोघं होते का? आमच्या शाळेत पाच वर्ग आणि दोन शिक्षक. दिवाळीपासून होळीपर्यंत ३७ दिवस एकच शिक्षक शाळेत होते. कारणंही लिहिलीत : निवडणुकीचं प्रशिक्षण, मतदार यादी, केंद्राची बैठक, निरक्षरांचं सर्वेक्षण, लेकरांचा अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक काढणं, आधार जुळत नाही म्हणून तालुक्याला, यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी, माहिती भरायला नेट नाही म्हणून पुन्हा तालुक्याला. आणि जे सर शाळेत होते त्यांनीही खिचडीचं धान्य मोजायचं, तिची ऑनलाइन नोंद करायची, फोटो पाठवायचे आणि उरलेल्या वेळात पाचही वर्ग सांभाळायचे. सरांवर माझा राग नाही. त्यांच्या स्वतःच्या लेकराला ताप असताना ते निवडणुकीच्या कामाला गेलेले मी पाहिलेत. हमीपत्र हातात देताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वरून आलंय, एवढंच म्हणाले.

ते ‘वर’ म्हणजे नेमकं कोण, हे आपण सांगावं.

कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही असं लिहिलंय. मग माझ्या वहीतली निम्मी कारणं कुठून आली? आणि शिक्षक कमी का, तेही आपल्यालाच विचारायचं. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. पाच वर्षांत पहिलीचं लेकरू पाचवी ओलांडतं. तेवढा काळ कितीतरी जागा रिकाम्या राहिल्या. दरम्यान टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, घोटाळा झाला, हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. आता नागपूरकडं बोगस शालार्थ आयडी, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीचे खोटे क्रमांक, निघाले. यातल्या एका तरी मोठ्या साहेबाकडून ‘माझे दुर्लक्ष झाले’ असं लिहून घेतलंय का?

खेड्यातल्या लेकरांना काय येतं ते तपासणारा ‘असर’चा २०२४ चा अहवाल मी वाचला. देशातल्या खेड्यांत पाचवीच्या शंभर लेकरांमागं तिसाच्या आसपास लेकरांना भागाकार येतो. मग उरलेल्या सत्तर लेकरांच्या आयांनी एकाच वेळी दुर्लक्ष केलं का? एवढ्या आया एकदम वाईट निघाल्या? २०२३-२४ पासून राज्यानं पाचवी-आठवीत नापास करायला सुरुवात केली. नापास लेकराला पुरवणी मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षा घ्यायची, असंही त्याच नियमात आहे. नापास केल्याचं लगेच कळवलं. मार्गदर्शन कोण करणार, विचारलं तर सुट्ट्या लागल्यात म्हणाले.

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या सरकारचं पहिलीपासून हिंदी शिकवायचं की नाही यावरच चाललं होतं. तिसरी भाषा आणा, चौथी आणा, पण आधी वर्गात माणूस तरी आणा. ‘एक राज्य एक गणवेश’ काढलंत, वर्ष संपायच्या आत ती योजना गुंडाळलीत. आठवड्याचं एक अंडं मिळायचं, त्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद केलात. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी पट असेल तर शिक्षकच द्यायचा नाही, हा १५ मार्च २०२४ चा निर्णयही आपल्याच खात्याचा. आमची शाळा पाचवीपर्यंत. पुढची शाळा चार किलोमीटरवर, तिथला पट किती राहील ते आत्ताच सांगता येत नाही. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहं करू म्हणाले होते. चौकशी केली तर ते सामाजिक न्याय खात्याकडं, हे शिक्षण खात्याकडं, असं सांगतात. ऊसतोड महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचे ठरलंय. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांवर ऊस गाळला गेला. शंभर कोटी होतात हो. नापास लेकीच्या आईलाही एवढा गुणाकार येतो. कोठारी आयोगानं राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं, त्याला साठ वर्षं होत आली. तेवढे दिलेत कोणी?

मागणं थोडंच आहे. हंगामी वसतिगृहाचा आदेश दसऱ्याच्या आत काढा, संक्रांतीला नको. फडावर शाळा पोचवा, पत्र्याच्या शेडमध्ये चालेल, पोत्यावर चालेल. पुनर्परीक्षेआधी माझ्या लेकीला भागाकार कोण शिकवणार, त्यांचं नाव कळवा. आणि ते हमीपत्र रद्द करा.

सध्या तिला मीच शिकवतेय. दुपारी लिंबाखाली बसतो. परवा तिला पेंढ्या वाटून दाखवल्या, ४८ पेंढ्या, ६ बैल. तिनं लगेच आठ सांगितलं. मग वहीवर मांडायला लावलं तर पेन टाकून रडली. म्हणाली, वहीतलं मला येत नाही, मी नापास आहे.

हमीपत्र अजून माझ्याजवळ कोरंच आहे. ‘माझी राहील’ याच्या पुढं सहीची जागा मोकळी आहे. त्याची झेरॉक्स या पत्रासोबत पाठवतेय, आणि वहीतलं ३७ खाड्यांचं पानही. दोन्ही बघा आणि सही कोणी करायची ते जूनमध्ये परीक्षा होण्याआधी कळवा. दसऱ्याला मुकादम उचल घेऊन दारात येतो, त्यानंतर आमचा पत्ता बदलतो.

आपली,
पाचवीतल्या एका मुलीची आई
(एक कोयता, बीड जिल्हा)