बाईंवर लिहिण्याआधी त्यांच्या वह्या काढा

संपादक महोदय,

शिक्षिका असलेल्या आईवर मुलांनी लिहिलेले स्मृतिलेख वर्तमानपत्रांत नेहमी येतात. त्यांतले बरेचसे, नाव बदलले तर दुसऱ्या कुठल्याही बाईंना चालून जातील. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय आणि घर-शाळा यांची तारेवरची कसरत. लिहिणाऱ्यांची माया खोटी नसते. ते साहित्य जमवायच्या आधी लिहायला बसतात, एवढेच. स्मरणिकांच्या संपादनात वावरणारे म्हणून त्याबद्दल काही सांगावेसे वाटते.

पहिले काम कागद गोळा करण्याचे, आणि तेही घर आवरायला काढण्याआधी. आवराआवरीत सगळ्यांत आधी रद्दीत जातात त्या पाठटाचणाच्या वह्या. शिक्षिकेबद्दल त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. कुठल्या वर्गाला, कुठल्या आठवड्यात काय शिकवायचे ठरले होते आणि नंतर समासात काय खरडले, हे सगळे तिथे असते. हातच्याच्या वजाबाकीसमोर ‘पुन्हा घेणे’ ही नोंद लागोपाठ तीन आठवडे दिसली, तर बाई वर्गाला मागे टाकून पुढे पळत नव्हत्या हे कळते. मुलांवर जीव होता असे वेगळे लिहावे लागत नाही. वह्यांबरोबर नेमणुकीची व बदलीची पत्रे, वर्गाचे फोटो, विद्यार्थ्यांची पत्रे ठेवावीत. लाल शाईचे शेरे असलेली एखादी वही मिळाली तर उत्तम, पण ती बहुधा विद्यार्थ्याच्या घरी सापडते.

जुन्या कागदांची मोठी नासाडी जपण्याच्या उत्साहात होते. फाटलेले पत्र चिकटपट्टीने जोडू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. पट्टी गळून पडते, डाग राहतो. लॅमिनेशन तर करूच नये, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना आधी काढाव्यात. गंज कागद खातो. फोटोमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वर ठेवलेल्या फोटोला लागते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. आधी तिथल्या तिथे त्याची प्रत घ्या. साठवायला पीव्हीसीची पाकिटे नकोत, पॉलिप्रॉपिलीनची चालतात.

पत्रे आणि वह्या ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केल्या तरी पुरते. लहान फोटो आणि गटफोटो मात्र ६०० ला करावेत, म्हणजे एकेक चेहरा मोठा करून पाहता येतो. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवरच घ्यावा. त्यावर डाग कुठला आणि सावली कुठली, हे रंगावरूनच समजते. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो घ्यावा. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नये, बारीक तपशील जातात; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

गटफोटोतली नावे हा स्वतंत्र उद्योग आहे. छापील प्रतीवर प्रत्येक डोक्याला आकडा द्यायचा, वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे. मग ती प्रत दोन माजी विद्यार्थ्यांना वेगवेगळी दाखवायची. जिथे दोघांचे उत्तर जुळेल तिथे शाईने नाव, जिथे जुळणार नाही तिथे पेन्सिलीने. दोघांना एकत्र बसवले की जो मोठ्याने बोलतो त्याचे नाव पक्के होते. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवणी मागवल्या तरी हेच होते: पहिल्याने जो प्रसंग लिहिला, तो पुढच्या दहा जणांना ‘आठवतो’.

म्हणून आठ-दहा जणांशी एकेकट्याने बोलावे. नोकरीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या वर्षांतले विद्यार्थी त्यांत हवेत. आपणहून पुढे येतात ते पहिल्या बाकावरचे. मागच्या बाकावरचे शोधावे लागतात. ‘बाई कशा होत्या?’ असे विचारले की विशेषणेच मिळतात. बाई वर्गात आल्या की आधी काय करायच्या, चुकलेले गणित फळ्यावर कोण सोडवायचे, गृहपाठ न केलेल्याचे काय व्हायचे, असे विचारावे. साल विचारू नये, इयत्ता विचारावी. साल लोकांचे हमखास चुकते, इयत्ता सहसा नाही. बोलणे रेकॉर्ड करताना फोन घडी केलेल्या कापडावर, वीतभर अंतरावर ठेवावा आणि पंखा बंद करावा. पाऊण तासानंतर माणूस दमतो आणि त्याच त्या गोष्टी फिरून येतात. बाई छडी मारत असत असे तिघांनी वेगवेगळे सांगितले, तर ते एका वाक्यात लिहावे. गाळले तर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही उडतो.

आई म्हणून लिहिताना मुलांची अडचण वेगळी असते. त्यांनी घर पाहिलेले असते, वर्ग पाहिलेला नसतो. ती अडचण तासांच्या हिशोबाने बरीच सुटते. ४५ मुलांचा वर्ग, एक वही तपासायला ३ मिनिटे धरली तरी एका विषयाला १३५ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास. दोन विषय असतील तर साडेचार. हे तास दिवसाच्या कुठल्या वेळेतून निघत, तेव्हा धाकटे मूल कोणाजवळ असे, कुठले काम मागे राही, हे भावंडांनी मिळून आठवावे. इथे भावंडांचे एकमत होईलच असे नाही. थोरल्याने पाहिलेली आई आणि शेंडेफळाने पाहिलेली आई वेगळी असू शकते. दोन्ही लिहाव्यात. आईच्या वर्गात बसलेले भावंड असेल तर त्याचे म्हणणे आधी घ्यावे.

लेखाला सोबत एक चौकट हवी: पूर्ण नाव, लग्नाआधीचे नाव, शाळेत कुठल्या नावाने ओळखत, शिक्षण, कुठल्या शाळेत कधीपासून कधीपर्यंत, विषय आणि इयत्ता. लग्नाआधीचे नाव वगळले तर त्या नावाने ओळखणारे पहिल्या शाळेतले विद्यार्थी बाईंना ओळखतच नाहीत. नोकरीची वर्षे नेमणूकपत्रावरून मोजावीत, निरोप समारंभातल्या भाषणावरून नव्हे. भाषणात ती गोल आकड्यात असतात.

आपल्याकडूनही दोन अपेक्षा. जागेअभावी मजकूर कापावा लागला तर ही चौकट कापू नये. आणि गटफोटो एका स्तंभात बसवू नये, त्यात चेहरे पुसले जातात. दोन स्तंभ द्यावेत, नाहीतर फक्त बाईंचा चेहरा घ्यावा आणि फोटो कुठल्या साली काढला ते खाली द्यावे.

आपले,
स्मरणिका-संपादनाचे काम करणारे काही वाचक