काळ्या कापडाखाली काय चाललं होतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत शनिवारी सकाळी काही माणसं डोक्यावर काळी कापडं घेऊन थडग्यांपुढे वाकलेली दिसली, हा काय प्रकार आहे, आणि तिथे कॅमेऱ्यांना कायमची बंदी का घालू नये, असं विचारणारं पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे छापून आलं. पत्रलेखक शेजारच्या इमारतीत राहतात. त्यांनी गॅलरीतून जे पाहिलं ते शंभर टक्के खरं आहे. त्या वाकलेल्यांपैकी एक मी होतो. वय ७१, गुडघे जेमतेम. पत्रात 'अमावास्येच्या सुमारास' असं म्हटलं आहे, म्हणून मी मुद्दाम कालनिर्णय काढून पाहिलं. त्या दिवशी द्वादशी होती.

आम्ही सहा जण होतो, कॅमेरे चार. हे कॅमेरे म्हणजे लाकडी चौकट, पुढे भिंग, मधे कापडी भाता आणि मागे घासलेली काच. फोटोची फिल्म रोलची नसते, ४ बाय ५ इंचांचं एकेक सुटं शीट असतं. साध्या रोलच्या एका फ्रेमच्या सुमारे १५ पट मोठं. घासलेल्या काचेवरचं चित्र इतकं फिकट असतं की बाहेरचा उजेड अडवल्याशिवाय दिसत नाही. कापड त्यासाठी. कोणीतरी फोन केल्यावर गस्तीवरचे दोन पोलीस, बीट मार्शल, आले, त्यांनाही मी हेच सांगितलं. त्यातला एक कापडाखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "काका, हे तर उलटं दिसतंय!" उलटंच दिसतं. वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. फादरांचं परवानगीचं पत्र खिशात होतं, ते दाखवलं आणि विषय मिटला. मिटला असं आम्हाला वाटलं.

माझी यात काय लुडबुड, तेही सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षं प्रोसेस कॅमेऱ्यावर काम केलं. खोलीएवढा तो कॅमेरा, समोर पेस्टिंग केलेलं पान, दोन्ही बाजूंना दिवे आणि आत लिथ फिल्म, म्हणजे छपाईची निव्वळ काळं-पांढरं उमटवणारी फिल्म. आपल्या दैनिकाची पानंही एके काळी अशाच फिल्मवरून प्लेटवर उतरत होती; आपल्या कचेरीतल्या जुन्या माणसांना विचारा. कॉम्प्युटर आला आणि ते कॅमेरे भंगारात गेले. आता आमच्या सोसायटीतला एक मुलगा मोठ्या फिल्मच्या नादाला लागला आहे. त्याने विचारलं, "काका, येता का?" गेलो. लिथ फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून आम्ही लाल दिव्यात आरामात काम करायचो. ही फिल्म सगळे रंग पाहते. त्यामुळे आदल्या रात्री बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबून, मिट्ट काळोखात शीट होल्डरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या उजेडबंद चपट्या डबीत, सरकवली. कोपऱ्यातली खाच बोटाला लागली की फिल्मचं तोंड कुठे ते कळतं. बोटं विसरली नव्हती.

बाकी फिल्म सगळी परदेशी. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' शिक्का आठवणारे माझ्या वयाचे लोक असतील. तो कारखाना कधीच बंद पडला. आमच्यातला एक कॅमेरा मात्र देशी होता, केरळातल्या आलप्पुळाला बनलेला 'वागीश्वरी'. सागवान आणि पितळ. गावोगावच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं उभा असायचा तोच.

आता मुद्द्याचं. दफनभूमीतच का? उपवन होतं, तलावपाळी होती, येऊर होतं. एक कारण साधं आहे: या कॅमेऱ्याला न हलणारा विषय लागतो. दुसरं कारण मला तिथे गेल्यावर कळलं. संगमरवर पावसात विरघळतो. अक्षरशः. पावसाच्या पाण्यात किंचित आम्ल असतं, तेवढंही त्याला पुरतं, आणि ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाणी पडतं. आपल्या काळ्या दगडावर कोरलेलं अजून ठणठणीत आहे. महागाच्या पांढऱ्या शिळा मात्र साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गुळगुळीत होत चालल्या आहेत.

अशा शिळा वाचायला लोक खडू नाहीतर पीठ चोळतात, कोणी तारेच्या ब्रशने घासतात. आमच्यातल्याही एकाच्या पिशवीत खडू निघाला, तो मी काढून घेतला. घासल्याने उरलेलं अक्षरही जातं. आम्ही घरून एक आरसा चादरीत गुंडाळून नेला होता. सकाळचं ऊन त्याच्यावर घेऊन शिळेवर अगदी तिरपं, जवळजवळ तिला समांतर सोडलं. कोऱ्या दिसणाऱ्या दगडावर आधी एक काना उमटला, मग वेलांटी, मग आख्खी ओळ. होय, मराठी ओळ. ठाण्याच्या दफनभूमीत सगळी इंग्रजी आणि पोर्तुगीज नावंच असणार, हा आपला गैरसमज असतो. आणखी एका शिळेवरची शिशाची अक्षरं कधीच गळून गेली होती, पण ती बसवायला पाडलेली बारीक भोकं शिल्लक होती. अक्षरागणिक दोन-तीन भोकं. घरी आल्यावर निगेटिव्ह उजेडावर धरून मी भिंगाखाली ठिपके जोडत बसलो, रांगोळीचे जोडतात तसे. आडनाव लागलं. वर्षातले शेवटचे दोन आकडे अजून लागलेले नाहीत.

आडवी शिळा उभ्या माणसाच्या डोळ्याने टिपली तर जवळची ओळ स्पष्ट आणि लांबची धूसर येते. या कॅमेऱ्याचं भिंग पुढे कलवता येतं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं धारदार उमटतं. थिओडोर शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने बलूनमधून काढलेल्या फोटोंचे नकाशे करण्याच्या खटपटीत हा नियम १९०४च्या पेटंटमध्ये मांडला. आम्ही तो प्रोसेस कॅमेऱ्यावर नाव न कळताच वापरायचो.

पत्रलेखकांचा मोठा आक्षेप खाजगीपणाचा आहे आणि तो मला पटतो. आप्तांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला आलेल्या माणसाला कॅमेरा नको असतो. म्हणून फादरांनी घातलेल्या अटी अशा होत्या: नव्या थडग्यांचे फोटो नाहीत, माणसांचे नाहीत, आणि दफन असेल तर सामान आवरून बाजूला. साडेनऊला एका दफनाची खबर आली, आम्ही आवरलं आणि भिंतीशी उभे राहिलो. तासाभराने पुन्हा मांडलं. अस्थी ठेवायच्या कोनाड्यांच्या भिंतीवर झाडाची दाट सावली होती. उजेड मोजायचं मीटर १० सेकंद म्हणालं; या फिल्मला इतक्या कमी उजेडात आठपट वेळ द्यावा लागतो, म्हणजे ८० सेकंद. झडप उघडली आणि त्याच वेळी एक आजी फ्रेममध्ये आल्या, कोनाड्याखाली मेणबत्ती ठेवली, क्रूस केला आणि गेल्या. त्यांना थांबवायचं कसं? एवढ्या वेळात हलतं माणूस फिल्मवर उमटत नाही, म्हणून निगेटिव्हवर आजी नाहीत. ज्योत आहे.

चुका आमच्याही झाल्या. एक जण होल्डर बदलायला चक्क एका थडग्याच्या कठड्यावर बसला. देखरेख करणाऱ्या काकांनी त्याला झापलं ते योग्यच केलं. एका ट्रायपॉडचं टोकदार पाऊल शिळेवर टेकलं होतं, ते मी पाहिलं. आता रबरी टोप्या घेतल्या आहेत. चार तासांत सगळ्यांची मिळून २२ शीट झाली. मोबाइल घेऊन रील करणारे एवढे फोटो फाटकातून आत येईपर्यंत काढतात. त्यांना बंदी घाला, माझा पाठिंबा. पण सरसकट सगळ्या कॅमेऱ्यांना नको.

हिंदुस्थानात मेलेल्या इंग्रजांच्या थडग्यांची नोंद ठेवायला लंडनमध्ये १९७६पासून एक संस्था आहे. आपल्या ठाण्याच्या ईस्ट इंडियन (इथलेच मूळचे कॅथलिक) आणि मराठी ख्रिस्ती घरांतल्या माणसांची नोंद कोण ठेवणार? पहिली गाडी ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी होते. म्हणजे या कॅमेऱ्यांशी आपली ओळख रेल्वेइतकीच जुनी आहे. जागेच्या टंचाईमुळे थडगी पुन्हा वापरावी लागतात, हे समजण्यासारखं आहे. पण शिळा हलवण्याआधी तिचा एक नीट फोटो घ्यायला काय हरकत आहे? आमचे प्रिंट आम्ही फादरांच्या स्वाधीन करणार आहोत. कोणाला आपल्या पणजोबांचं नाव त्यात सापडलं तर तिथूनच प्रत मागावी, पैसे नकोत.

पावसाळ्यापूर्वी आम्ही परवानगी काढून आणखी एकदा जाणार आहोत. पत्रलेखकांनी त्या दिवशी गॅलरीतून खाली उतरून कापडाखाली डोकावून जावं. कापड मी बाहेरून पांढरं शिवून घेतलं आहे. उन्हात डोकंही कमी तापतं.

आपला एक जुना वाचक,
चरई, ठाणे (पश्चिम)