९४ वर अडलेलं वायफाय

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

आमचं इंटरनेट दुरुस्त केल्याबद्दल पैसे देऊ केले तर तुम्ही चहावरच भागवलंत, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे. शिवाय आमच्या ओळीतली सगळी रो-हाउसं एकाच बिल्डरची. बाकीच्यांनीही वाचलेलं बरं.

आमचं कनेक्शन ३०० एमबीपीएसचं. राउटर तळमजल्यावर, माझं कामाचं टेबल वर. मधल्या स्लॅबमुळे वर रेंज मिळेना, म्हणून बांधकामाच्या वेळीच भिंतीतून टाकलेल्या केबलला वर ॲक्सेस पॉइंट (वायरने आलेलं इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा) लावून घेतला. रेंजच्या दांड्या भरल्या, स्पीड काही वाढला नाही. कस्टमर केअरवाले म्हणाले, राउटर बंद करून चालू करा. दुकानदार म्हणाला, हे मॉडेलच हलकं, मेश (एकमेकांना जोडलेल्या वायफाय डब्यांचा संच) घ्या. आणखी काही हजारांचा खर्च, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही आलात आणि वायफायकडे बघितलंच नाहीत. "हवेचं नंतर, आधी वायर." लॅपटॉप खालच्या राउटरला वायरने जोडलात, तर जवळजवळ पूर्ण ३००. मग वर ॲक्सेस पॉइंटची वायर काढून तीच लॅपटॉपला लावलीत, तर ९४. पुन्हा टेस्ट, पुन्हा ९४. तो आकडा बघून तुम्ही हसलात तेव्हा, खरं सांगते, मला रागच आला होता.

कारण नंतर कळलं. बिघाड असता तर आकडा वरखाली झाला असता; ९४ वर ठाम उभा राहतो म्हणजे वायर १०० च्या लिंकवर, जास्तीत जास्त १०० एमबीपीएसच्या वेगावर, चालली आहे. उरलेले पाच-सहा डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांत वगैरे खर्च होतात. लॅपटॉपच्या सेटिंगमध्येही लिंक स्पीड १००च दिसला. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. एखादी जोडी नसेल तर बहुतेक उपकरणं तक्रार न करता १०० वर उतरतात.

आमची जोडी कुठे गेली होती, हे टेलिफोन खात्यात हयात घालवलेल्या माणसालाच सुचावं. भिंतीवरची प्लेट उघडलीत, तर निळी जोडी शेजारच्या टेलिफोनच्या सॉकेटला! वायरमनने एकाच केबलमधून इंटरनेट आणि लँडलाइन दोन्ही भागवलं होतं, आणि तपकिरी जोडी तर सरळ कापून टाकली होती. लँडलाइन आम्ही कधीच बंद केली, निळी जोडी मात्र तिथेच अडकून राहिली. तुम्ही दोन्ही टोकं नव्याने बांधलीत, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, असं पाढ्यासारखं म्हणत. लिंक १००० झाली.

हवेचं त्यानंतर. संध्याकाळी मोबाइल रखडायचे, कारण राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोघंही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ६ नंबरच्याच चॅनेलवर, एकमेकांच्या आड येत, तेही ४० मेगाहर्ट्‌झ रुंदीचं, म्हणजे जवळजवळ निम्मा पट्टा अडवून. तुम्ही रुंदी २० केलीत, एकाला १ दिला, दुसऱ्याला ११. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ३६ आणि १४९ नंबरचे चॅनेल. वर गेलं तरी मोबाइल खालच्या राउटरला चिकटून राहायचा, म्हणून राउटरची पॉवर थोडी उतरवलीत. दुकानदाराच्या माणसाने ॲक्सेस पॉइंट राउटर मोडमध्येच ठेवला होता, म्हणजे वर वेगळंच नेटवर्क तयार होत होतं, तोही बदललात. "याने स्पीड वाढणार नाही, पण वरून प्रिंटर सापडेल," हे आधीच सांगितलंत. सापडतो.

वरचं २.४ बंदच करून टाका, हा तुमचा सल्ला तेवढा मी मानलेला नाही. गीझरचा स्मार्ट प्लग त्याच्यावरच चालतो, आणि सकाळच्या गरम पाण्याशी मी तडजोड करणार नाही.

आता एक विनंती. शेजारच्या दोन घरांनी प्लेटा उघडून बघितल्या, दोन्हीकडे निळी जोडी टेलिफोनलाच. केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल आणि कनेक्टर मी आणून ठेवलेत. रविवारी सकाळी जमेल का? या वेळी नाश्ताही करावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कोपऱ्यावरच्या घरातली सूनबाई