गाय उलटली की आधी कांडी बघा

संपादक महोदय,

दुधाच्या दराबद्दल तुमच्या पेपरात रोज काहीतरी येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण गाय गाभणच राहिली नाही तर दर 30 असला काय आणि 40 असला काय, यावर कोणी लिहीत नाही म्हणून आज मीच बसलोय लिहायला.

माझ्याकडे 6 एचएफ क्रॉस (होल्स्टिन फ्रिजियन संकरित) गायी आहेत. त्यातली एक गेल्या उन्हाळ्यापासून तीनदा उलटली, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दरवेळी 21 दिवस गेले, खुराक चालूच. पहिल्यांदा सांगितलं मिनरल मिक्श्चर कमी पडतंय, ते आणलं. मग गर्भाशयाची पिशवी धुतली, मग इंजेक्शन. शेजारचे म्हणाले विकून टाक, भाकड निघाली. सगळं खापर गाईवर, कांडीवर, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीवर, कोणी बोटसुद्धा ठेवलं नाही.

आता दुसऱ्या वेळी काय झालं ते सांगतो. मे महिना, दुपारचे दोन, ऊन 42 च्या वर. रेतन करणारे आले (आम्ही सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतो, ते डॉक्टर नाहीत हे त्यांनाही माहितीय) आणि शर्टाच्या खिशातून कांडी काढली. म्हटलं कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर कुठाय, तर म्हणे, एवढ्याशा कामाला ते भांडं घेऊन कुठं हिंडू, घरून निघतानाच काढली. त्यांचं गाव आमच्यापासून 9 किलोमीटर!

मी तेव्हा गप्प बसलो कारण मला काही माहीतच नव्हतं. नंतर एका जाणत्या पशुवैद्यकांकडून समजून घेतलं. पाव मिलीच्या त्या कांडीत 2 कोटी शुक्राणू भरलेले असतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला ठेवलेले. बाहेर काढली की लगेच 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, रेतनाच्या गनमध्ये घालायची आणि पंधरा मिनिटांच्या आत काम संपवायचं. चांगल्या कांडीत वितळल्यावर निम्मे तरी शुक्राणू पळते पाहिजेत असा नियम आहे. खिशात 9 किलोमीटर आलेल्या कांडीत किती पळत असतील तुम्हीच सांगा. आणि नुसतं खिशाचंच नाही, नायट्रोजन वेळेवर भरला नाही, किंवा कांडी शोधताना गॉब्लेट (कांड्या ठेवायचा आतला पेला) भांड्याच्या तोंडापर्यंत ओढून बराच वेळ धरला, तरी आतला माल खराब होतो, वरून मात्र कांडी तशीच्या तशी दिसते.

बरं, गावच्या वळूकडे नेली म्हणजे सुटलो असंही नाही. 2022 ला लम्पी आली तेव्हा आमच्याकडचा एक खिलार वळू ताप येऊन पडला होता. बरा झाला, पुन्हा अंगावर चकाकी आली, लोकांनी गायी न्यायला सुरुवात केली आणि चांगले दोन महिने एकही फळली नाही. शुक्राणू तयार व्हायला वळूला जवळजवळ 60 दिवस लागतात, त्यामुळे आजच्या तापाचा किंवा उन्हाचा फटका पुढचे दोन महिने दिसत राहतो. शिवाय लम्पीचा विषाणू वीर्यातूनही जातो म्हणतात, म्हणजे गाय फळायची राहो, दुखणं घरी यायचं. पण वळू दिसायला देखणा, शिंगं सरळ, चाल तेज, एवढं बघून आपण खूश. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून तर त्याच्या मागं रांगच असते. त्याचं वीर्य मायक्रोस्कोपखाली कधी बघितलंय का, हे विचारलं तर हसतात लोक.

आपलीही चूक असते, हे कबूल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हे माहीत असून आपण दूध घालायच्या गडबडीत दुसऱ्या दिवशी फोन करतो, तेव्हा सोट (माजातला चिकट स्राव) संपून गेलेला असतो. पण निदान आपली चूक आपल्याला दिसते तरी.

माझं पशुसंवर्धन खात्याकडे एवढंच मागणं आहे की कांडीवरचा वळूचा नंबर आणि तारीख शेतकऱ्याला लिहून द्यावी, कंटेनर दारात आणल्याशिवाय फी घेऊ नये, आणि तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी गावोगाव फिरून रेतन करणाऱ्यांच्या चार-चार कांड्या तपासाव्यात. मायक्रोस्कोप तिथं आहेच, धूळ खात पडलाय.

माझी गाय पुढच्या मंगळवारी परत माजावर यायचीय. यावेळी थर्मास भरून कोमट पाणी आणि मेडिकलमधून आणलेला थर्मामीटर गोठ्यात तयार ठेवलाय.

एक दूध उत्पादक, सांगोला तालुका