सॅकच्या वरच्या कप्प्यात

23 ऑक्टोबर, रात्री पावणेबारा

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू झोपली आहेस. तुझी आई अजून चकल्या वर्तमानपत्रात गुंडाळतेय, आणि एवढं वजन विमानात नेऊ देतात का, हे मला तिसऱ्यांदा विचारून गेली. मी पडवीत बसून लिहितोय. इथला दिवा तुझ्या खोलीतून दिसत नाही.

संध्याकाळचं माझं चुकलं. "आंबोलीतली फुलपाखरं संपली काय, म्हणून घानात चाललीस?" हे मी बोलायला नको होतं. वाक्य माझं नव्हतंच, खरं तर. दुपारी तिठ्यावर एकाने मला ऐकवलं होतं, "फुलपाखरां बघूक आफ्रिकेत?" त्याला मी तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवं होतं. तिथे गप्प बसलो आणि घरी येऊन तुला बोललो. तुझी सोलकढी तशीच राहिली, ती मांजराच्या भीतीने आईने झाकून ठेवली आहे.

मलेरियाच्या तापाविषयी मी या पत्रात काही लिहिणार नाही. बोलून झालंय.

तू परवा नकाशा दाखवत होतीस तेव्हा मी पेपर वाचत होतो असं तुला वाटलं असेल. मी ऐकत होतो. विमान अदिस अबाबाला बदलायचं, मग अक्रा. अक्राहून केप कोस्टच्या बाजूला काकुम. तिथे झाडांच्या शेंड्यांमधून दोरांवर टांगलेले सात पूल आहेत, 1995 पासूनचे, सगळे मिळून 350 मीटर लांब आणि खाली 40 मीटर पोकळी. आपल्या गोठ्यावरच्या माळ्यावरून खाली उतरायला घाबरून तासभर रडलेली मुलगी त्या पुलावर दुर्बीण घेऊन उभी राहणार! मग कुमासी, आणि कुमासीच्या अलीकडे बोबिरीचं रान, जिथे चारशेच्या वर जातींची फुलपाखरं मोजली आहेत. शेवटी अटेवाचा डोंगर. त्याच्या पोटात बॉक्साइट आहे, त्यावर डोळा आहे, आणि त्याच डोंगरातून तीन नद्या निघतात, हे तू सांगितलंस तेव्हा मला आपलं खाणीचं गाव, कळणे, आठवलं. कळण्याची माती लोखंडाची, अटेवापेक्षा वेगळी, पण डोंगर खाली उतरवला की पाण्याचं काय होतं ते आपल्या माणसांना शिकवायला नको.

आणि ते मोठं फुलपाखरू. अँटिमॅकस. आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं. तू पट्टी घेऊन वहीच्या पाठीवर 23 सेंटिमीटरची रेघ मारलीस, ती वहीबाहेर गेली. उरलेली तू टेबलावर मारलीस. आईने पुसायला घेतली, मी पुसू दिली नाही. मादी वर शेंड्यांतच राहते, नर तेवढा ओल्या वाळूवर पाणी प्यायला उतरतो, म्हणून नदीकाठाला तासन्‌तास बसावं लागतं म्हणालीस. बस. बस, पण पायांत मोजे घालून बस. आणि संध्याकाळी सहाच्या आत अंगभर बाह्यांचं काहीतरी घाल.

झालं. लिहिणार नव्हतो.

आता सुरुवात झालीच आहे तर खरं काय ते सांगतो. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तुझी सॅक उघडली. "बाबा, माझ्या बॅगेत हात घालू नका" हे तू बारावीपासून सांगत आलीस, मला पाठ आहे. थर्मामीटर ठेवायला उघडली होती. औषधांचं पाकीट हाताला लागलं. डॉक्सीच्या, म्हणजे मलेरिया टाळायच्या गोळ्यांच्या, पाच पट्ट्या, पाचही न फोडलेल्या. कोणी लिहून दिल्या, कधी सुरू करायच्या, कधीपर्यंत घ्यायच्या, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. तू हुशार आहेस. हुशार माणसंच गोळ्या चुकवतात हा माझा अनुभव, त्यांना वाटतं आपल्याला नियम कळला म्हणजे तो पाळून झाला.

बघ, पुन्हा सुरू झालं. तेहतीस वर्षं मलेरियाच्या कामावर लोकांच्या ओट्यावर बसून हेच केलं, जीभ वळली आहे. माफ कर. पण हे एवढं वाच.

गोळी परवापासून सुरू करायची, म्हणजे विमानात बसायच्या आदल्या दिवशी. तिथे रोज, एकाच वेळेला, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, घशाशी अडकली तर जखम करते. दुधाबरोबर नको. या गोळीने उन्हात कातडी भाजते, तेव्हा टोपी. आणि तिथून निघाल्यावर पुढे चार आठवडे, एकही दिवस न गाळता. हे शेवटचंच सगळे विसरतात. घरी आलो, डास मागे राहिला, मग गोळी कशाला? डास मागे राहतो. त्याने सोडलेलं तुझ्याबरोबर येतं, आधी यकृतात जाऊन बसतं आणि मग रक्तात उतरतं. डॉक्सी त्याला रक्तात गाठते, म्हणून शेवटचा डास चावल्यानंतरही इतके दिवस तिने तिथे हजर असावं लागतं. आपल्याकडे भातलावणीत लेप्टोसाठी, त्या चिखलापाण्यातून येणाऱ्या तापासाठी, हीच गोळी आम्ही आठवड्याला वाटायचो, त्यामुळे "ही तर चिखलाची गोळी" म्हणून तिला हलकी समजू नकोस.

तुझे तिथले गाइड गोळ्या घेत नसतील. त्यांच्याकडे बघून तू थांबवू नको. लहानपणापासून त्याच तापातून जाऊन जे जगले त्यांच्या अंगात थोडा जोर तयार झालेला असतो. तुझ्या अंगात तो नाही, आणि तो नाही याचा मला अभिमान आहे, कारण तुझ्या लहानपणी या वाडीत मी पाणी साचू दिलं नाही.

डासांचं म्हणशील तर आपला क्युलिसिफेसीस गोठ्यात जातो, गुरं मिळाली की माणसाला बऱ्यापैकी सोडतो. तिकडचा गॅम्बी माणसालाच शोधत येतो, तोही रात्री उशिरा, झोप लागल्यावर. जगातल्या मलेरियाच्या शंभर रुग्णांतले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव आफ्रिकेतले असतात, त्यात या डासाच्या आवडीनिवडीचा मोठा हात आहे. सोन्यासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं असतं असं तूच म्हणालीस. तू ते नदी गढूळ होते म्हणून सांगत होतीस. मला खड्डे दिसत होते.

पिवळ्या तापाची चिंता नाही. त्याचं तू नीट केलंस, मुरगावला जाऊन दोन महिने आधीच टोचून आलीस. ते पिवळं पुस्तक पासपोर्टला रबर लावून ठेव. तिथे उतरताना मागतील आणि परत येतानाही. आपल्याकडे त्या तापाचा डास घराघरांत आहे, रोग मात्र आलेला नाही, म्हणून सरकार सोडत नाही. पुस्तक नसेल तर सहा दिवस अलग ठेवतात. दिवाळी तर बुडालीच आहे, तुळशीचं लग्नही जायचं.

दिवाळीचं मी बोललो नाही, तू लक्षात घेतलंस का? आई बोलली. नरकचतुर्दशीला अंगणात कारीट कोण फोडणार म्हणून. बंड्या येणार नाही, ते आता धरूनच चालतो आम्ही. मी फोडीन. तुझ्या वाटचंही फोडीन.

मला आठवतं ते रुईचं. तू सहा-सात वर्षांची असशील. शनिवारी मारुतीला माळ घालायला आजीने तुला रुईची पानं आणायला पाठवलं, आणि तू एकच पान घेऊन आलीस, त्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट. आजी म्हणाली टाक तो. तू टाकला नाहीस, माझ्याकडे आलीस. माझ्याजवळ क्लोरोक्विनचा, मलेरियाच्या तेव्हाच्या औषधाचा, हजार गोळ्यांचा रिकामा डबा होता, झाकणाला भोकं पाडून दिली. तीन दिवसांनी त्याने झाकणाला उलटं लटकून कोष केला, फिक्या हिरव्या रंगाचा, वर सोन्याचे बारीक ठिपके. तू शाळेत डबा नेलास, बाईंनी परत पाठवलं. एका सकाळी मी कामावर निघालो आणि तू ओरडलीस. झाकणाला नारिंगी फुलपाखरू लोंबत होतं, पंख अजून चुरगळलेले. तू मला जाऊ दिलं नाहीस. ते उडेपर्यंत मी गणवेशात उकिडवा बसलो होतो आणि माझी एस.टी. गेली.

काल तू म्हणालीस की हेच फुलपाखरू घानातही आहे, हेच, जातही तीच, फक्त तिथल्याचे मागचे पंख पांढरे. मी तेव्हा "हं" म्हणालो. मला जास्त बोलायला सुचलं नाही. इतक्या लांब जाऊन तुला पहिल्या दिवशी आपल्या रुईवरचंच भेटलं तर मला फोटो पाठव. अँटिमॅकस नाही दिसलं तरी चालेल. म्हणजे तुला नाही चालणार. पावणेतीन लाख घातलेस. तुझेच पैसे आहेत, मी हिशेब काढत नाही.

गडचिरोलीचं तुला माहीत नाही. म्हणजे मी तिथे होतो हे माहीत आहे, फोटो आहे. धानोऱ्याच्या बाजूला, 1990 च्या पावसात, तू वर्षाची होतीस आणि आईबरोबर इथे होतीस. दर पंधरा दिवसांनी घर न्‌ घर फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख घालायची. एका घरात सात-आठ वर्षांची मुलगी होती. स्लाइड घेतली, वयाप्रमाणे दोन गोळ्या दिल्या. मग नाल्याला पूर आला आणि स्लाइड चार दिवस माझ्या पिशवीतच राहिली. पुढे तपासायला आणखी किती दिवस लागले ते सोड. पीएफ निघाला, म्हणजे मलेरियातला जीवघेणा प्रकार, त्या भागातला, क्लोरोक्विनला दाद न देणारा. रिपोर्ट घेऊन मी पुढचं औषध द्यायला गेलो तेव्हा भिंतीवर माझ्याच हातची तारीख होती, सोळा दिवसांपूर्वीची. तिच्या आईने मला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. तिने काही विचारलं नाही. तुझ्या आईला हे माहीत आहे. आजीलाही माहीत होतं.

तुला घाबरवायला लिहीत नाहीये. पुसून टाकणार होतो, पण पेनने लिहिलंय. ते औषध आता कोणी त्यासाठी देत नाही, आज चांगली औषधं आहेत, रक्ताचा थेंब टाकला की वीस मिनिटांत पट्टीवर उत्तर येतं. सगळं बदललंय. वेळ तेवढा बदललेला नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपास. तिथे आला तर तिथे. इकडे आल्यावर आला, अगदी दोन-तीन महिन्यांनी आला, तरी पुण्यातल्या डॉक्टरला पहिलं वाक्य "मी घानाहून आले आहे" हे सांगायचं. ते आपणहून विचारणार नाहीत. ते म्हणतील व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या.

आईने आज सकाळी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. "चेडू माझा सात समुद्रापलीकडे जाता हा, तेका संभाळून हाड रे म्हाराजा." गावकरांनी विचारलं कशाला जाते, नोकरीला? आई म्हणाली, "फुलपाखरां बघूक," आणि इतक्या ताठ मानेने म्हणाली की मी बघतच राहिलो. मला ते तिठ्यावर जमलं नाही.

सडक्या केळ्यांत बियर घालून झाडाला टांगतात आणि त्या वासाला मोठाली फुलपाखरं उतरतात, हे आईला सांगू नकोस. तिला वाटेल बियर तू आणलीस.

पुलावर एका हाताने दोर धर. फोटो काढायला दोन्ही हात सोडू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. उद्या स्टेशनवर मी हे काही बोलणार नाही. तुतारी एक्सप्रेस सुटेपर्यंत आपण हवापाण्याचं बोलू.

ता. क. 2. आणखी एक केलंय, रागावू नकोस. पट्ट्यांच्या चांदीवर मी मार्करने तारखा घातल्या आहेत, प्रत्येक गोळीमागे एक. 25 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर तिथल्या, पुढे 12 डिसेंबरपर्यंत इथल्या. एकूण 49 होतात. पाच पट्ट्यांत 50 आहेत, शेवटची कोरी ठेवली आहे. डिसेंबरात येशील तेव्हा पट्ट्या टाकू नकोस, घेऊन ये. मी बघणार आहे, एकच उरलेली पाहिजे.