चहाला थांबत जा

अहिल्यानगर (आपलं जुनं अहमदनगर)

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा तू फोनवर म्हणालास, "पप्पा, रविवारी उपासनेला गेलो नाही, पण सकाळपासून तीन संदेश ऐकले." मी "बरं" म्हटलं आणि फोन मम्मीकडे दिला. फोनवर मला काही सुचत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो.

संदेश जरूर ऐक. चांगलं बोलतात ते मोबाईलवरचे उपदेशक. रात्री जेवण झाल्यावर मीही ऐकतो. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही आणि "आता शेवटचा मुद्दा" म्हटल्यावर अजून वीस मिनिटं सहज जातात, हेही कबूल. पण मोबाईलवरच्या उपदेशकाला तू माहीत नाहीस. कंटाळलास की बोटानं त्याला गप्प करतोस. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, तसं कुणाला गप्प करता येत नाही, आणि माझ्या मते शिष्यपणाची शाळा तिथेच भरते. प्रभूनं बारा जण निवडले त्यात मत्तय जकातदार होता आणि शिमोन जिलोतही. एक कर वसूल करणारा, दुसऱ्याच्या 'जिलोत' या नावातच परक्या रोमी सत्तेवरचा राग. पहिल्या आठवड्यात ते दोघे एकमेकांशेजारी जेवायला बसले असतील का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

एक गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. तू तिसरीत होतास. तेव्हा मी मंडळीचा खजिनदार. नाताळच्या जमाखर्चात साडेतीनशे रुपयांचा मेळ बसेना. वार्षिक सभेत एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "मग पैसे गेले कुठं?" विचारण्याची तऱ्हा अशी की उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. मी कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. सात महिने चर्चची पायरी चढलो नाही. तू आणि मम्मी जायचात. मी घरी पवित्र शास्त्र वाचायचो, गुडघे टेकून प्रार्थना करायचो. मला वाटायचं, माझं काही अडत नाही. अडत होतं. रोजच्या प्रार्थनेत त्या माणसाचं नाव यायला लागलं होतं, आणि ती प्रार्थना कधी फिर्याद झाली ते कळलंसुद्धा नाही. "अहो, काय मागताय हे?" म्हणून टोकणारं घरात कोणी नव्हतं ना!

एका गुरुवारी संध्याकाळी महिला मंडळातल्या आपल्या थोरल्या मावशी दारात उभ्या. गुडघे दुखत असूनही जिना चढून आल्या होत्या, काखेत भजनाचं पुस्तक. म्हणाल्या, "आजची प्रार्थना तुमच्याकडे ठेवलीय." मला विचारलंबिचारलं काही नाही. त्यांच्या मागे पाच-सहा माणसं, आणि सगळ्यांत मागे, झांजा हातात घेऊन, तोच. घरात अर्धा लिटर दूध. मम्मीनं त्यात पाणी घालून घालून सगळ्यांचा चहा केला. भजन झालं, वाचन झालं, आणि मावशींनी प्रार्थना नेमकी त्याला करायला सांगितली. तो दोन वाक्यांतच अडखळला. गप्पच झाला. मग कुणीतरी "आमेन" म्हटलं. जाताना बशीतला शेवटचा घोट पिऊन तो मला म्हणाला, "रविवारी या. सतरंज्या उचलायला माणूस कमी पडतोय."

त्या साडेतीनशे रुपयांचा हिशोब आजतागायत लागलेला नाही. मी रविवारी गेलो. चावी परत घेतली नाही, झांजा घेतल्या.

आता तुझ्या बाप्तिस्म्याचं. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलेलं धरत नाहीत, नदीत नाहीतर टाकीत पुन्हा बुडी घ्यायला हवी, असं तुझे नवे मित्र सांगतात म्हणे. हा वाद तुझ्या मित्रांनी काढलेला नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठ्यांनाच देणारेही. दोघांनी एकमेकांची रीत मान्य केली आणि एका छताखाली बसले. मोठमोठ्या अभ्यासू माणसांनी वर्षानुवर्षं चर्चा करून जे जुळवलं, ते वसतिगृहातल्या खोलीत एका रात्रीत मोडीत काढायची घाई नको. तुला खरंच प्रश्न पडला असेल तर पाळकसाहेबांशी बोल, माझ्याशी बोल. मी रागावणार नाही.

फक्त त्या दिवशी काय झालं ते ऐकून ठेव. तू तीन महिन्यांचा. पाणी लागताच असा भोकाड पसरलास की पेटीवाल्या काकांनी सूरच वाढवला. मग पाळकांनी मंडळीला विचारलं, या बाळाला विश्वासात वाढवायला तुम्ही हातभार लावाल का? सगळे उभे राहिले. दहावीला रोज संध्याकाळी सायकलवर येऊन तुझं गणित पक्कं करून घेणारे सर त्यांत होते. थोरल्या मावशी होत्या. साडेतीनशे रुपयेवालाही होता. तुला त्यातलं काही आठवणं शक्य नाही, त्यांना आठवतं. दर रविवारी "पोरगा कसाय?" म्हणून विचारतात, आणि मी "बराय" म्हणतो.

भजनं जुनाट वाटतात म्हणालास, त्यावर मात्र मी भांडणार. इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबलेली गाणी आपल्या लोकांच्या गळी उतरत नव्हती, तेव्हा नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची पदं लिहिली, म्हणून आजही शेतातून आलेली बाई पुस्तकाशिवाय गाते. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. एवढा वक्ता, एवढा कवी नवरा असून पाच वर्षं! लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचताना मला तर वाटतं की त्यांना वळवलं ते नवऱ्याच्या युक्तिवादांपेक्षा आपल्या या नगरातल्या माणसांच्या शेजारानं. तुझ्या मम्मीला हे मत फार आवडतं. का, ते तूच ओळख.

तर बाळा, तुझ्या खोलीपासून दोन बसथांबे पुढे मराठी उपासना होते, मी चौकशी केलीय. येत्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी आहे. पाळकसाहेबांकडून तुझी सभासदत्वाची चिठ्ठी लिहून घेतली, सोबत पाठवतो. ती तिथल्या पाळकांच्या हातात दे, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको. संदेश कंटाळवाणा असेल कदाचित. उपासना सुटली की लगेच हेल्मेट घालू नकोस. चहाला थांब. एकटं उभं असलेलं म्हातारं माणूस कोपऱ्यात असतंच, त्याच्याजवळ जा आणि गाव विचार. सतरंज्या उचलायच्या असतील तर एक टोक धर.

तुझा,
पप्पा

ता. क. मम्मीनं डब्यात शेंगदाण्याची चटणी दिलीय. अर्धी तुझी, अर्धी तिथल्या पाळकीणबाईंना. उघडून मोजून बघितली आहे, असं ती सांगायला सांगते.