पोट राहिले म्हणून दूध तोडण्याची घाई नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट या स्तनपान सप्ताहात सगळीकडे एकच चित्र दिसते: नुकती बाळंतीण आणि तिच्या कुशीत नवजात बाळ. मांडीवर दीड वर्षाचे मूल पीत आहे आणि पोटात दुसरे वाढते आहे, अशी बाई त्या चित्रात नसते. पण खानापूरच्या वाड्यावस्त्यांवर, निपाणी-चिकोडीकडे, बेळगावच्या शहापूर-वडगावातही ती असतेच. दिवस राहिल्याचे कळले की घरातून तिला सांगतात, ‘आता दूध तोड.’ मग कडुनिंबाचा पाला वाटून लावला जातो, कोरफडीचा गर चोपडला जातो, नाहीतर मुलाला चार दिवस आजीकडे पाठवले जाते. कारणे ठरलेली: गरोदरपणात दूध नासते, थोरले मूल पोटातल्याचा वाटा खाते आणि पाजल्याने पोट पडते. या तिन्हींत थोडे तथ्य आणि बरीच भीती मिसळलेली आहे, म्हणून हे पत्र.

आधी पोट पडण्याचे. मूल ओढू लागले की आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटते. पान्हा फोडणारे हेच संप्रेरक कळाही आणते, त्यामुळे ही शंका वेडगळ म्हणता येणार नाही. पण ऑक्सिटोसिन नुसते रक्तात असून भागत नाही. ते टिपून घेणारे ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंवर असावे लागतात. गरोदरपणाचा बराचसा काळ ते थोडे असतात, दिवस भरत आले की झपाट्याने वाढतात. शिवाय वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन पिशवीला शांत ठेवते. आईची प्रकृती ठीक असेल, पोटात एकच गर्भ असेल आणि थोरले वरचे अन्न खाणारे असेल, तर पाजण्यामुळे गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढते असे दिसलेले नाही. पाजताना पोट किंचित घट्ट होते आणि मूल सुटले की सैल पडते. तेवढ्याने घाबरू नये.

काही बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. आधी अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेली, या खेपेला रक्तस्राव झालेली, जुळी असलेली, पिशवीचे तोंड सैल म्हणून टाका घातलेली, वार खाली असलेली, किंवा सोनोग्राफीत गर्भाची वाढ कमी दिसलेली बाई यांत येते. एक सोपी खूण अशी: डॉक्टरांनी नवरा-बायकोच्या संबंधांना मनाई केली असेल, तर पाजण्याबद्दलही त्यांना विचारावे. पाजताना पोट पुन्हा पुन्हा घट्ट होऊ लागले तर मुलाला बाजूला करावे, दोन भांडी पाणी प्यावे आणि डाव्या कुशीवर पडावे. सदतीस आठवड्यांच्या आत तासभर कळा येतच राहिल्या, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता दुधाचे. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते बहुधा कमी होते. अळीव, खसखस, डिंकाचे लाडू कितीही खाल्ले तरी ते वाढत नाही, कारण प्रश्न खाण्याचा नसतो. दूध बनवणाऱ्या पेशींना त्याच प्रोजेस्टेरॉनने आवरलेले असते. दुधातली साखर कमी होते, क्षार वाढतात, म्हणून चव खारट लागते. खारट म्हणजे नासके नव्हे. कित्येक मुले ही चव लागल्यावर आपसूक सोडतात, काही नुसतीच कोरडे ओढत राहतात. शेवटच्या महिन्यांत दुधाचा चीक होतो. तो सारक असल्याने थोरल्याला शी पातळ होते. मूल खेळते-खाते असेल तर तिला जुलाब समजून औषध देऊ नये. थोरल्याने चीक पिऊन संपवला तर नव्या बाळाला काय, अशी काळजी आज्या करतात. चीक म्हणजे काही डब्यातले तूप नव्हे. बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही पहिले काही दिवस तो तयार होतच राहतो. वार पडली, प्रोजेस्टेरॉन उतरले, की दोन ते चार दिवसांत भरपूर दूध येते.

दूध कमी होण्याचा फटका कोणाला किती बसतो, हे थोरल्याच्या वयावर ठरते, आणि नेमका हाच प्रश्न घरात कोणी विचारत नाही. दिवस राहिले तेव्हा मूल सहा महिन्यांच्या आतले असेल तर मामला गंभीर आहे; त्याचे सारे अन्न तेच दूध असते. दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी, गडद पिवळी लघवी, वजन न वाढणे, यांतले काही दिसले की त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून वरचे दूध ठरवून घ्यावे. सहा महिने ते वर्ष या वयात अंगावरचे सुरू ठेवून घट्ट मऊ भात-डाळ, नाचणीची खीर, अंडे, कुस्करलेली भाजी वाढवत न्यावी आणि दूध कमी पडते आहे असे दिसताच वरचे दूध वाटी-चमच्याने द्यावे. उकळलेले गाईचे किंवा म्हशीचे दूध देत असाल तर त्यात पाणी घालू नये. ‘पचायला जड’ म्हणून निम्मे पाणी घातले की मुलाला निम्मेच अन्न मिळते. बाटली तर नकोच. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसात तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ मिळत असेल, तर आईचे दूध घटले तरी ते तग धरते. तरीही ते दूध किरकोळ समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या वर्षात मुलाच्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा आईच्या दुधातून येऊ शकतो. तो एका संध्याकाळी बंद करायचा आणि हातात चहात बुडवलेले बिस्कीट द्यायचे, यातून काय होते ते फार पूर्वी लिहून ठेवलेले आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, अंगावर सूज येणाऱ्या कुपोषणाचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याचे तिथले नाव वैद्यकात आणले: क्वाशिओरकोर. गा भाषेत त्याचा अर्थ पाठचे भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार. आपल्याकडेही ‘पाठचं आलं आणि थोरलं वाळलं’ असे म्हणतातच. पण त्यात दोष पाठच्याचा नसतो, थोरल्याच्या रिकाम्या वाटीचा असतो. दर महिन्याला अंगणवाडीत त्याचे वजन करावे. दोन महिने काटा एकाच जागी राहिला, किंवा सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आला, तर दाखवून घ्यावे. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण.

वाटा खाण्याची गोष्ट खरी आहे, पण तो वाटा जातो आईच्या अंगातून. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. बाळंतपणानंतर पहिले सहा महिने नुसत्या एका बाळासाठी सुमारे ६०० लागतात. दीड-दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट आमटी आणि मूठभर शेंगदाणे मिळून साधारण तेवढे होते. दोघे पिणार असतील तर त्यावर आणखी. चौथ्या महिन्यापासून वजन महिन्याला दीड-दोन किलोने वाढायला हवे. वाढत नसेल तर आधी ताट दुरुस्त करावे, मग पाजणे कमी करावे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांकडे कानाडोळा नको. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, एकीमुळे दुसरी नीट शोषली जात नाही. चहाबरोबर लोहाची गोळी घेणे म्हणजे ती वाया घालवणे. बाळंतिणीला पथ्य म्हणून पाणी आणि भाज्या तोडण्याची रीत आहे. दोघांना पाजणारीच्या बाबतीत ती जाचकच ठरते.

तंबाखू-बिडीच्या निपाणी भागासाठी एक जादा शब्द. मिश्री आणि तंबाखूतले निकोटीन वारेतून गर्भाला पोचते आणि दुधातूनही मुलाला मिळते. बाळाचे वजन त्याने घटते. बिडी वळणारीने पाजण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत आणि धूळ बसलेले पोलके बदलावे. मिश्री ‘फक्त दातांना’ लावली तरी ती हिरड्यांतून रक्तात जाते.

बाळंतपणानंतर दोघांना पाजायचे तर पहिल्या दिवसांचा नियम सोपा आहे: आधी धाकटे, मग थोरले. चीक असेपर्यंत हे काटेकोर पाळावे, पुढे दोन-तीन आठवडे शक्य तेवढे. धाकट्याने चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायला हवे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा तरी ओली लंगोटी असावी. बारशाच्या सुमारास बाळ पुन्हा जन्मवजनावर यायला हवे. म्हणून बारशाच्या गडबडीत पाळण्याआधी काट्याचे बघावे. दोघांना एकदम घेण्याची घाई करू नये. धाकट्याची पकड आधी बसू द्यावी: तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. पहिल्या क्षणांनंतरही दुखत राहिले तर पकड चुकलेली असते. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून ओढ सोडवावी आणि पुन्हा लावावे.

पकड जमली की भिंतीला पाठ टेकून बसावे, बाजूला दोन घड्या केलेली गोधडी ठेवावी. धाकट्याला काखेखाली, पाय मागे करून घ्यावे. थोरले दुसऱ्या बाजूने मांडीवर बसते किंवा गुडघ्यांवर उभे राहून पिते. सिझेरियन झाले असेल तर थोरल्याला पोटावर चढू देऊ नये. कुशीवर झोपून पाजावे. थोरल्याची ओढ जोरदार असते, पान्हा धो-धो येतो आणि धाकट्याला ठसका लागतो. चीक संपल्यानंतर अशा वेळी आधी मिनिटभर थोरल्याला पिऊ द्यावे किंवा आईने मागे रेलून पाजावे. एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची, अशी वाटणी करू नये. एकाने पिणे कमी केले की त्याच्या बाजूचे दूध आटते आणि त्याचा तोटा धाकट्याला होतो. रात्री धाकट्याला थोरल्याच्या शेजारी निजवू नये. आई मध्ये असावी.

दोघांचे तोंड एका स्तनाला लागल्याने रोग होतील म्हणून दरवेळी साबणाने धुण्याची गरज नाही. साबणाने कातडी फुटते. घरात सर्दी असली तर ती दोघांना तशीही होते, आणि दुधातून संरक्षणही दोघांना मिळते. तोंडात पांढरा बुरशीचा थर आला तर मात्र आई आणि दोन्ही मुलांवर एकदमच उपचार हवेत, नाहीतर ती फिरत राहते. स्तनावर नागिणीसारखे पाण्याचे फोड आले तर त्या बाजूला कोणालाच पाजू नये आणि लगेच दाखवावे.

एक गोष्ट बायका लाजून सांगत नाहीत. गरोदरपणात किंवा नंतर थोरल्याला पाजताना अंगावर शिसारी येते, त्याला ढकलून द्यावेसे वाटते. यात आईची माया कमी पडलेली नसते. संप्रेरकांचा आणि हुळहुळ्या स्तनाग्रांचा तो परिणाम असतो. दहा अंक मोजेपर्यंतच, किंवा सकाळी एकदा आणि निजताना एकदाच, असे ठरवून पाजले तर चालते. तरीही नको वाटले तर दूध तोडावे. त्यात काही गैर नाही. फक्त एका दिवसात नको. तीन-चार दिवसांनी पाजण्याची एक वेळ कमी करावी, निजतानाची शेवटी. छाती टणक झाली तर हलके होण्यापुरतेच दूध काढावे. लाल, गरम पट्टा आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. दूध आटवण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून गरोदर बाईने घेऊ नयेत.

एक मागणी आहे. योजनांच्या भाषेत बाई एकतर गरोदर असते किंवा स्तनदा; कर्नाटक सरकारच्या, २०१७ पासून सुरू असलेल्या मातृपूर्ण योजनेचे जेवण दोघींसाठी आहे, पण दोन्ही एकदम असलेलीचा विचार वेगळा होत नाही. तायी कार्डाच्या (गरोदर बाईच्या सरकारी कार्डाच्या) नोंदणीवेळी आशाताईंनी एवढे विचारावे: थोरले अजून अंगावर पिते का, वय किती? आणि त्याच दिवशी आईबरोबर त्या मुलाचेही वजन करावे. पाळी न येताच दिवस राहिले असतील तर तारीख चुकते, म्हणून अशा बाईला चौदा आठवड्यांच्या आत सोनोग्राफीला पाठवावे. माहितीपत्रके बहुधा कन्नडमध्ये असतात. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत दूध तोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या सासूबाई मराठी वाचतात. त्यांच्यासाठी एक पान मराठीत छापायला फार खर्च येणार नाही. त्या पानावर हेही असावे, की दोघे अंगावर पितात म्हणून तिसऱ्याचे दिवस राहत नाहीत असे नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त अंगावर पिणारे आणि पाळी न आलेली, या तिन्ही अटी असतील तेव्हाच पाजण्याचा तो उपयोग होतो. एरवी बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत तांबी बसवता येते, ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घेता येते, आणि ‘अंतरा’ इंजेक्शन बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर दर तीन महिन्यांनी. या तिन्हींनी दूध कमी होत नाही.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील काही परिचारिका आणि स्तनपान समुपदेशक